चित्राला गोष्ट कशाला?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्याकडील चित्रप्रदर्शनांत एक नवी चाल पडली आहे, आणि ती इतक्या सौजन्यानें पडली आहे कीं, तिला विरोध करणारा मनुष्य असंस्कृत ठरावा. भिंतीवर एक अमूर्त चित्र टांगलेलें असतें; म्हणजे ज्यांत झाड नाहीं, घर नाहीं, मनुष्य नाहीं, केवळ रंग, रेषा आणि त्यांच्यामधली मोकळी जागा आहे, असें चित्र. त्याच्या शेजारीं एक छापील चिठ्ठी असते. चिठ्ठींत त्या चित्रामागची गोष्ट असते: अमुक वर्षीं चित्रकर्त्रीची आजी वारली, त्या दुःखांतून हा निळा रंग आला, अमुक पावसाळ्यांत तिनें कोंकणचा प्रवास केला, त्यांतून ह्या आडव्या रेषा आल्या. प्रदर्शनाच्या पहिल्या संध्याकाळीं चित्रकर्त्रीला मध्यें उभें करून तीच गोष्ट तिच्या तोंडून वदविली जाते. श्रोते माना डोलवितात, आणि समाधानानें घरीं जातात. ह्या सर्व समारंभांत चित्राकडे किती वेळ पाहिलें गेलें, हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तो आम्ही विचारूं इच्छितों.

आमचें म्हणणें आधींच स्पष्ट सांगून टाकतों. चित्रामागें गोष्ट असते हें आम्ही नाकारीत नाहीं. ती चित्रकर्त्रीनें सांगूं नये, असेंहि म्हणत नाहीं. परंतु ती चित्राची जन्मकथा होय, चित्राचा अर्थ नव्हे. जन्मकथेला अर्थाच्या पाटावर बसविण्याची ही चाल पाहणाऱ्याचे डोळे अधू करते आणि चित्रकर्त्रीच्या कामाचें मोल उतरविते. त्यांतहि चित्र काढणारी स्त्री असली म्हणजे हा अन्याय दुप्पट होतो. तो कसा, हें पुढें येईलच.

विरुद्ध पक्षाचें म्हणणें दुबळें नाहीं, हें प्रथम मान्य केलें पाहिजे. एखादा सुशिक्षित गृहस्थ रविवारीं मुलांबाळांना घेऊन जहांगीर कलादालनांत जातो. समोर करड्या रंगाचा एक मोठा चौकोन, त्यांत दोन फिकट पट्टे. मुलगी विचारते, "बाबा, हें काय आहे?" आणि चार परीक्षा उत्तीर्ण झालेल्या त्या बाबांपाशीं उत्तर नसतें. मनुष्याला अज्ञानापेक्षां अज्ञान उघडें पडण्याची भीति अधिक. अशा वेळीं ती चिठ्ठी बिचाऱ्याला हात देते; कलावंत आणि समाज यांच्यामधल्या ओढ्यावर ती साकव घालते. हें उपकाराचें काम नव्हे काय? आम्हांस हा युक्तिवाद पटला असता, जर चिठ्ठी वाचून त्या गृहस्थाची दृष्टि पुनः चित्राकडे वळली असती. पण घडतें तें उलट. आजी वारली हें कळतांच निळ्या रंगाचा हिशेब मिटतो. चित्र 'समजलें', आतां पुढच्या चिठ्ठीकडे. पाहण्याचें काम सुरू होण्यापूर्वींच संपतें. साकव ओढ्यावर घातला खरा, पण तो पलीकडच्या तीराला नेण्याऐवजीं वळसा घालून पुनः अलीकडेच आणून सोडतो.

एक खरें उदाहरण घेऊं. हेलन फ्रँकेंथेलर ह्या न्यूयॉर्कच्या चित्रकर्त्री. १९५२ सालीं त्या कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत गेल्या. तेथले डोंगर आणि समुद्र पाहिले, लहान लहान निसर्गचित्रें केलीं, आणि परतल्यावर २६ ऑक्टोबर रोजीं सुमारें सात फूट उंच व दहा फूट लांब असा कॅनव्हास जमिनीवर पसरून त्यावर एक चित्र केलें. वय तेवीस. चित्राला पुढें नांव मिळालें 'पर्वत आणि सागर'. चित्र करीत असतांना तेथले देखावे आपल्या हातांत मुरलेले होते, असें त्यांनीं मागाहून सांगितलें. ही गोष्ट खरी आहे, सुंदर आहे, आणि ती सांगण्याचा अधिकार त्यांचाच.

आतां ही गोष्ट चिठ्ठीवर छापा आणि पाहणाऱ्याचें काय होतें तें बघा. तो पर्वत शोधूं लागतो. निळें दिसलें कीं सागर सांपडला! हिरवें दिसलें कीं किनारा! मुलांच्या मासिकांत 'ह्या चित्रांत लपलेला ससा ओळखा' म्हणून जें कोडें असे, त्याहून ही रसिकता फार वरची नाहीं. त्या दिवशीं त्या खोलींत जें खरोखर घडलें तें मात्र ह्या शोधांत निसटून जातें. कॅनव्हासला अस्तर न देतां, तैलरंग टर्पेंटाइनानें पाण्यासारखा पातळ करून, तो कोऱ्या कापडांत जिरूं दिला होता. कोऱ्या धोतरावर हळदीचें पाणी सांडलें म्हणजे डाग सुतांत शिरतो, वर बसत नाहीं. तसा तो रंग कापडाच्या आंत शिरला. रंग आणि पृष्ठभाग ह्या दोन वस्तु उरल्याच नाहींत. पुढच्याच वर्षीं वॉशिंग्टनचे मॉरिस लुई आणि केनेथ नोलंड हे दोन चित्रकार तें चित्र पाहावयास आले आणि दोघांच्याहि कामाची दिशा पालटली. ते काय पाहून गेले? नोव्हा स्कोशियाला जाण्याची गरज त्यांतल्या कोणालाहि भासली नाहीं.

कोणी म्हणेल, फ्रँकेंथेलरबाईंनीं स्वतःच नांव दिलें, स्वतःच गोष्ट सांगितली. मग दोष प्रेक्षकाला कां? दोष प्रेक्षकालाहि नाहीं. दोष आहे तो कारण आणि आशय यांची गल्लत करणाऱ्या संवयीचा, आणि ती संवय बव्हंशीं आमच्या शाळा-कॉलेजांतून पसरलेली आहे. कविता समोर ठेवली कीं 'मध्यवर्ती कल्पना लिहा', नाटक ठेवलें कीं 'नाटककाराला काय सांगावयाचें आहे तें दहा ओळींत लिहा'! पंधरा वर्षें असें शिक्षण घेतलेला तरुण चित्रासमोर उभा राहिला कीं तेथेंहि दहा ओळी शोधतो, आणि त्या चिठ्ठीवर तयार मिळाल्या तर त्याला परीक्षेच्या मार्गदर्शकाइतकाच आनंद होतो.

ॲग्नेस मार्टिन यांची कथा ह्याहून उद्बोधक आहे. १९१२ सालीं कॅनडांत जन्मलेल्या ह्या बाई अमेरिकेंत स्थायिक झाल्या आणि सहा फूट लांब-रुंद अशा चौरस कॅनव्हासवर पेन्सिलीनें उभ्या-आडव्या बारीक रेषांचीं जाळीं काढूं लागल्या. हीं जाळीं सुचलीं कशीं, तर आपण झाडांच्या निष्पापपणाचा विचार करीत होतों, त्या वेळीं तें जाळें मनांत आलें, असें त्या सांगत. १९६४ च्या एका चित्राचें नांवच 'झाड' असें आहे. त्या चित्रापुढें उभें राहून ज्याला खोड आणि फांद्या सांपडतील त्याला आम्ही आमच्या पदरचें बक्षीस देऊं! बाई स्वतः तर आपलें चित्र निसर्गाचें चित्र नव्हे, असें आवर्जून बजावीत. म्हणजे गोष्ट सांगणारीनेंच गोष्टीला दारांत थांबविलें होतें. झाड हें त्यांना जाळ्यापर्यंत पोंचविणारें वाहन होतें. पोंचल्यावर वाहनांतच बसून राहण्याचें कारण काय? चित्रापुढें पांच मिनिटें उभें राहिल्यावर दिसूं लागतें तें वेगळेंच: हातानें ओढलेली प्रत्येक रेषा पट्टीशीं प्रामाणिक राहूनहि किंचित् थरथरते, कापडाच्या विणीवर अडखळते, कोठें दाट, कोठें विरळ होते; आणि दूर गेल्यावर हें सारें मिळून एक धुकट उजेड होतो. ह्या अनुभवाला झाडाची गोष्ट मदत करीत नाहीं, अडथळाहि करीत नाहीं. फक्त ती आधीं सांगितली तर पांच मिनिटें उभें राहण्याचें कारणच उरत नाहीं.

पण आमचा मुख्य वाद ज्या चित्रकर्त्रीवरून आहे त्या आमच्या मुंबईच्याच. नसरीन मोहमदी यांचा जन्म १९३७ सालीं कराचीस झाला. कुटुंब मुंबईस आलें. कलाशिक्षण लंडन व पॅरिस येथें झालें. मुंबईच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं काम केलें, आणि १९७२ पासून बडोद्याच्या ललितकला विद्यालयांत त्या शिकवीत राहिल्या. १९९० सालीं अलिबागजवळील किहीम येथें, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्या वारल्या. त्यांचें काम म्हणजे मुख्यतः कागदावर शाईनें व पेन्सिलीनें ओढलेल्या सरळ रेषा. स्थापत्याचा आराखडा काढणाराचीं हत्यारें, तीं कागदावर टेकून ओढलेल्या केसासारख्या रेषा, पुढें पुढें तिरप्या धांवणाऱ्या, विरत जाणाऱ्या, आणि शेवटच्या वर्षांत मोकळ्या पांढऱ्या अवकाशांत तरंगणारे एखाददुसरे वर्तुळखंड. चित्रांना नांवें नाहींत. बहुतेकांवर तारीख नाहीं. गोष्ट तर नाहींच नाहीं. गोष्ट न सांगण्याचा याहून स्पष्ट निर्धार एखाद्या चित्रकर्त्रीनें कसा व्यक्त करावा, हें आम्हांस सुचत नाहीं.

आणि तरीहि त्यांना गोष्ट चिकटविली गेली! त्यांच्या पश्चात् कीर्ति वाढली. २०१६ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानें आपली एक नवी शाखा उघडली (ती २०२० त बंद पडली), तेव्हां उद्घाटनाच्या प्रदर्शनांत त्यांचें काम होतें. कीर्तीबरोबर चरित्र आलें. आई लहानपणींच गेली. आयुष्य बव्हंशीं एकाकी. उत्तरायुष्यांत मज्जासंस्थेचा असाध्य विकार जडला आणि अवयवांवरचा ताबा हळूहळू सुटत गेला. झालें! गोष्ट तयार. 'हात थरथरत होता म्हणून रेषा सरळ'. 'शरीर हातचें जात होतें म्हणून कागदावर शिस्त'. 'आयुष्यांत पोकळी म्हणून चित्रांत पोकळी'. असे उद्गार आम्हीं स्वतः सुशिक्षितांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि ते ऐकतांना बोलणाराच्या डोळ्यांत पाणीहि पाहिलें आहे. पाण्याविषयीं आमची तक्रार नाहीं. तक्रार अशी कीं, तें चित्र पाहून आलेलें नव्हतें.

ह्या कथेंतील तर्क तपासून पाहा. तोच विकार जडलेले लोक जगांत थोडे नाहींत. त्यांतल्या किती जणांनीं अशी रेषा ओढली? आई लहानपणीं गेलेलीं मुलें घरोघरीं आहेत. जें कारण हजारोंना समान आहे तें एकीच्या अद्वितीय कामाचें स्पष्टीकरण कसें होईल? शिवाय रेषांचा हा मार्ग त्यांनीं धरला आणि पक्का केला तो १९७० च्या सुमारास. हात सुटत जाण्याची गोष्ट नंतरची. विकार वाढल्यावरहि रेषा ढळली नाहीं, हें आश्चर्य खरेंच. पण तें चरित्रांतलें आश्चर्य आहे. चित्रांतलें आश्चर्य निराळें. दोन रेषांमधलें अंतर डावीकडून उजवीकडे केसाकेसानें वाढत जातें आणि सपाट कागद एकाएकीं खोल होतो. शाई फिकट होत होत थांबते, पण नजर थांबत नाहीं. हें पाहावयास चष्मा लागेल, रुग्णपत्रिका लागत नाहीं.

त्यांच्या रोजनिशींविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण विरुद्ध पक्ष त्यांचा दाखला देतो. नसरीनबाई रोजनिशी लिहीत हें खरें. परंतु तींत 'अमुक चित्र अमुक प्रसंगावरून' असल्या हकीकतींचा शोध करणाराच्या हातीं फारसें कांहीं लागत नाहीं. आहे तें रेषेविषयींचें, शिस्तीविषयींचें, रितेपणाविषयींचें तुटक चिंतन. इतकेंच नव्हे, तर कित्येक पानांवर त्यांनीं लिहिलेल्या मजकुरावरच शाईचे पट्टे ओढून त्याचें चित्र करून टाकलें आहे. ज्या बाईनें स्वतःचे शब्द शाईखालीं झांकले, तिच्या तोंडीं आपण आपले शब्द घालावयाचे, याला रसिकता म्हणावें कीं आगाऊपणा? तीच गोष्ट छायाचित्रांची. समुद्रकिनारा, फत्तेपूर शिक्रीचे चौक, मागावरचे ताणलेले धागे, अशीं छायाचित्रें त्या घेत. पण हयातींत तीं त्यांनीं कधीं प्रदर्शनांत मांडलीं नाहींत. तीं पाहून आतां लोकांना 'उगम' सांपडल्याचा हर्ष होतो. मागाचे धागे दिसले, म्हणजे रेषांचें कोडें सुटलें! अहो, धागेच दाखवावयाचे असते तर छायाचित्र पुरें होतें. पुढें दिवसचे दिवस मान मोडून ती बाई कागदावर कां वांकली असती?

आतां आम्ही ज्याला दुप्पट अन्याय म्हटलें त्याकडे येतों. वासुदेव गायतोंडे हे त्याच भुलाभाई इन्स्टिट्यूटमधले, नसरीनबाईंना ज्येष्ठ. नागपुरास १९२४ सालीं जन्मलेले, मूळ गोव्याचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी. त्यांनींहि आपल्या उत्तरकाळांतल्या चित्रांना नांवें दिलीं नाहींत. 'अमूर्त' हा शब्दसुद्धां त्यांना आवडत नसे. तेहि एकाकी राहिले. १९८४ सालीं दिल्लींत त्यांना अपघात झाला आणि कांहीं वर्षें मोठ्या कॅनव्हासवर काम करणें त्यांना अशक्य झालें. परंतु गायतोंड्यांच्या चित्रापुढें उभा राहून कोणी अपघाताची गोष्ट काढीत नाहीं. तेथें शब्द येतात ते साधना, मौन, झेन, चिंतन हे. पुरुष एकटा राहिला कीं तो मुनि; स्त्री एकटी राहिली कीं ती दुःखी. पुरुषाची पोकळी ती शून्यता, तत्त्वज्ञानाची. स्त्रीची पोकळी ती उणीव, संसाराची. दोघांनींहि गोष्ट नाकारली. पैकीं एकाचा नकार आम्हीं आदरानें मान्य केला आणि दुसरीचा नकार हें तिच्या दुःखाचेंच लक्षण ठरविलें. ॲग्नेस मार्टिन यांच्या जाळ्यांना त्यांचा मनोविकार जोडून देणारेहि ह्याच जातीचे. स्त्रीनें बुद्धीनें, मोजमाप करून, निवड करून कांहीं रचलें असेल, ही कल्पनाच ह्या मंडळींना पेलत नाहीं. तिनें जें केलें तें तिच्याकडून 'झालें', रडूं यावें तसें. चित्रकर्त्रीच्या कामाला रोजनिशीचा दर्जा देणें ह्याचा खरा अर्थ हा आहे, आणि चिठ्ठ्यांची चाल ती वाट रोज अधिक रुंद करीत आहे. आजची तरुण मुलगी कलाशाळेंतून बाहेर पडते, तिला पहिला प्रश्न येतो: 'तुझी गोष्ट काय?' तिच्यापाशीं दुःख नसेल तर तिनें तें कोठून आणावें?

येथें प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मोहरा पुढें येईल, आणि तो आम्ही टाळूं इच्छित नाहीं. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट (जन्म १८६२, मृत्यु १९४४) ह्या चित्रकर्त्रीनें आपल्या चित्रांविषयीं थोडीं थोडकीं नव्हे, सुमारें सव्वीस हजार पानें लिहून ठेवलीं. चार मैत्रिणींसह प्रेतात्म्यांच्या बैठकी भरवावयाच्या, अदृश्य गुरूंचे आदेश ऐकावयाचे, आणि त्यांवरून चित्रें काढावयाचीं, असा हा प्रकार. थिऑसफीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता. आमच्या वाचकांच्या आजोबांपणजोबांपैकीं कित्येकांना त्या मताचें आकर्षण होतें, म्हणून हें वातावरण अगदींच परकें वाटणार नाहीं. १९०६ ते १९१५ ह्या काळांत त्यांनीं 'मंदिरासाठीं' म्हणून १९३ चित्रें केलीं. त्यांतलीं १९०७ चीं दहा तर प्रत्येकीं दहा फुटांहून उंच. युरोपांत अमूर्त चित्राचा शोध लावल्याचें श्रेय ज्यांना दिलें जाई त्या पुरुषांच्या कांहीं वर्षें आधींचीं हीं चित्रें. मग येथें तर चित्रकर्त्रीनेंच गोष्ट सांगितली कीं नाहीं?

सांगितली, पण केव्हां? चित्रें झाल्यावर बाई वर्षानुवर्षें त्यांच्यापुढें बसून, आपण हें काय केलें, याचा शोध करीत होत्या. निळा म्हणजे स्त्रीतत्त्व, पिवळा म्हणजे पुरुषतत्त्व, अमुक अक्षराचा अर्थ अमुक, असे कोश त्यांनीं रचले. जिला अर्थ आधींच ठाऊक आहे ती कोश कशाला करील? तीं सव्वीस हजार पानें म्हणजे चित्रांचें उत्तर नव्हे. तीं चित्रांनीं विचारलेल्या प्रश्नांचा पाठलाग आहे. चित्रकर्त्री ही आपल्या चित्राची पहिली प्रेक्षक असते, आणि तिचें बोलणें ह्या नात्यानें अत्यंत मोलाचें असतें. परंतु पहिली प्रेक्षक म्हणजे एकमेव प्रेक्षक नव्हे.

आणि त्या गोष्टीनें चित्रांचें भलें काय केलें तेंहि पाहावें. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षें हीं चित्रें लोकांपुढें मांडूं नयेत, असें बाईंनीं लिहून ठेवलें होतें. १९७० सालीं तीं स्टॉकहोमच्या आधुनिक कलासंग्रहालयाला देऊं केलीं, तर संग्रहालयानें घेतलीं नाहींत. प्रेतात्म्यांच्या गोष्टीनें दार लावलें गेलें. १९८६ त लॉस एंजलिसला कांहीं चित्रें प्रथम जगापुढें आलीं. पुढें २०१८-१९ सालीं न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयांत त्यांचें प्रदर्शन भरलें तेव्हां सहा लाखांहून अधिक माणसें लोटलीं, त्या संग्रहालयाच्या इतिहासांत सर्वांत अधिक. ह्या गर्दींत त्याच गोष्टीचा, म्हणजे विसरल्या गेलेल्या गूढ स्त्रीच्या कहाणीचा, वांटा किती होता, याचा विचार करावा. एकदां गोष्टीमुळें चित्र नाकारलें, एकदां गोष्टीमुळें उचलून धरलें. चित्र दोन्ही वेळां तेंच होतें.

'पण साध्या माणसानें करावें काय?' हा प्रश्न उरतोच. आमचें उत्तर असें कीं, हा साधा माणूस इतका साधा नाहीं. तोच गृहस्थ सकाळीं तोडीचा विलंबित ख्याल तासभर ऐकत बसतो. बंदिशीचे शब्द दोन ओळींचे, तेहि अर्धे कळत नाहींत. आणि त्याला कसलीहि अडचण वाटत नाहीं. जुन्या रागमाला-चित्रांत तोडी रागिणी म्हणजे हातीं वीणा घेतलेली आणि हरणांनीं वेढलेली एक तरुणी असे. पण कोमल गंधार लागतांच हरणें कोठें आहेत म्हणून त्यानें कधीं शेजाऱ्याला विचारलें आहे काय? केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ सालीं अमेरिकनांनीं व्हॉयेजर यानांतून तारामंडळाकडे पाठविली. तबकडी कशी वाजवावी याच्या खुणा सोबत दिल्या आहेत; भैरवीची गोष्ट दिलेली नाहीं. परग्रहावरच्या श्रोत्यावर जेवढा विश्वास टाकला तेवढा गिरगांवांतल्या प्रेक्षकावर टाकण्यास हरकत काय? आणि आमच्या घरांतल्या बायका? ठिपके मांडून, रेषा वळवून, पट्टीकंपासाशिवाय दारीं रोज भूमिति उभी करीत आल्या. त्या रांगोळीपुढें थांबून, 'बाई, ह्या रेषांमागें तुझें कोणतें दुःख आहे?' असें आजवर कोणी विचारलें नाहीं. रांगोळी नीट उमटली आहे कीं फांकली आहे, एवढेंच पाहिलें. म्हणजे अमूर्त पाहण्याची दृष्टि आम्हांपाशीं आहे. ती फक्त कलादालनाच्या दारांत चपलांबरोबर बाहेर ठेवावी लागते, असा आमचा समज करून देण्यांत आला आहे.

समज कोणीं करून दिला, याचें उत्तर कांहीं अंशीं पैशांत आहे. दिवाणखान्यांत टांगलेल्या चित्राविषयीं पाहुण्यांना कांहींतरी सांगतां आलें पाहिजे. रेषा आणि अंतरें यांविषयीं काय सांगणार? गोष्ट असली कीं चहा संपेपर्यंत पुरते. विक्रेत्याला हें पक्कें ठाऊक आहे. त्यांत पाप नाहीं; पण त्याला रसग्रहण म्हणूं नये.

चित्रकारानें लिहावें कसें, याचा नमुना मराठींत आहेच. प्रभाकर बरवे यांचें 'कोरा कॅनव्हास' हें पुस्तक १९९० सालीं निघालें. त्यांत वस्तु, आकार, अवकाश, पाहणें, ह्यांचा विचार आहे. तें वाचून मनुष्य चित्राकडे परत जातो, आणि परत गेल्यावर त्याला पूर्वींपेक्षां अधिक दिसतें. अशीं पुस्तकें आमच्या चित्रकर्त्रींनीं लिहावींत अशी आमची फार इच्छा आहे. रंग कसा घोटला, कोठें अडलें, काय पुसलें, कोणत्या रेषेपाशीं थांबावें लागलें, हें त्यांनीं सांगावें. आजीविषयींहि सांगावें, तें आम्ही आनंदानें वाचूं. मात्र घरीं, पुस्तकांत, चित्र पाहून आल्यावर.

प्रदर्शनें भरविणाऱ्यांकडे आमचें मागणें लहानसेंच आहे. भिंतीवर चित्रकर्त्रीचें नांव, वर्ष, साहित्य आणि माप एवढेंच असावें. गोष्ट हवीच असेल तर ती शेवटच्या खोलींत, बाहेर जाण्याच्या दारापाशीं ठेवावी. म्हणजे ज्याला ती वाचून पुनः आंत जावेंसें वाटेल तो जाईल. हेंहि जड वाटत असेल तर निदान पहिले आठ दिवस चिठ्ठ्यांवांचून चित्रें टांगून पाहावीं. दर दोन चित्रांमागें एक बांक ठेवावें, कारण उभ्यानें पाहणें मध्यमवयीन गुडघ्यांना सोसत नाहीं. आणि त्या आठ दिवसांत चित्रकर्त्रीला कोणीं कांहीं विचारूं नये. तिला बापडीला सुखानें चहा घेऊं द्यावा.